डायव्हनंतर अंग गळून जातं? नायट्रोजनला दोष देण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमीचीच आहे. स्कूबा डायव्ह झकास झाला, बोटीवर चढेपर्यंत सगळं ठीक होतं. किनारा जवळ येईस्तोवर डोळे मिटायला लागतात, जेवण झालं की माणूस आडवा होतो आणि संध्याकाळी पाचला डोकं जड घेऊनच उठतो. पळालो नाही, डोंगर चढलो नाही, चाळीस मिनिटं पाण्यात तरंगलो. मग एवढं काय झालं?

मला हा त्रास दोन सीझन होता. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, शनिवार-रविवार मिळून मालवणला चार डायव्ह करायचे आणि सोमवारी ऑफिसात कसाबसा वेळ काढायचा. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं: "नायट्रोजन." पाण्याखालच्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो, त्याने थकवा येतो, असं म्हणतात. उत्तर चुकीचं नाही, पण ते ऐकून आपण करायचं काय, हे कळत नाही. शेवटी लॉगबुकात (डायव्हच्या नोंदवहीत) खोली, वेळ आणि हवा यांच्या शेजारी एक रकाना आखला, 'थकवा, ० ते ५'. त्याला लागून आदल्या रात्रीची झोप, प्यायलेलं पाणी आणि बुडण्यासाठी कमरेला बांधलेलं शिशाचं वजन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम केला. पंचवीसेक डायव्हनंतर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. नायट्रोजनचा वाटा असेलही, पण माझ्या बाबतीत तो रांगेत बराच मागे उभा होता.

आधी धोक्याचं

कारणं शोधण्याआधी हा डीकंप्रेशन सिकनेस (वर येताना विरघळलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊन होणारा आजार) नाही ना, याची खात्री करा. अवाजवी थकवा हे त्याचंही लक्षण आहे आणि ते सगळ्यात सहज नजरेआड होतं. साधा थकवा झोप, पाणी आणि जेवणाने उतरतो. सोबत पुढचं काहीही असेल तर तो साधा समजू नका: खांद्यात, कोपरात किंवा गुडघ्यात खोलवर ठणका, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, तोल जाणं, गरगरणं, लघवी अडणं, छातीत दुखणं, धाप लागणं, कातडीवर जांभळट डाग. बहुतेक वेळा ही लक्षणं वर आल्यावर पहिल्या काही तासांतच दिसतात, क्वचित दुसऱ्या दिवशी.

अंदमानात, स्वराज द्वीपला (आपण अजून हॅवलॉकच म्हणतो) आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डायव्हनंतर "मी जरा पडते" म्हणून खोलीत गेली. तासाभराने पोटाला खाज सुटली म्हणून तिने टीशर्ट वर करून पाहिलं, तर बेंबीच्या बाजूला संगमरवरावर असतात तशा निळ्या-लाल रेषांची जाळी. तिला वाटलं, वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) घासला. आम्हालाही तसंच वाटलं. सेंटरच्या इन्स्ट्रक्टरने मात्र एक नजर टाकली आणि तिला आडवं करून ऑक्सिजनचा मास्क लावला. अर्ध्या तासात जाळी फिकट झाली, तिला हुशारी वाटली आणि ती मास्क काढायला निघाली. त्याने काढू दिला नाही. डॉक्टरशी फोनवर बोलून तिला पुढच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला पाठवलं. ऑक्सिजनने बरं वाटतं, पण त्याने उपचार संपत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून शंका आली की शंभर टक्के ऑक्सिजन, आडवं झोपवणं, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी, आणि डायव्हिंगच्या आजारांची माहिती असलेला डॉक्टर. खरा उपचार रिकंप्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे आत दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. दुखतंय म्हणून पुन्हा पाण्यात उतरण्याचा जुना उद्योग अजिबात करू नका. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आहे का आणि जवळचं चेंबर कुठे आहे, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरं सेंटर बघा.

यातलं काही नसेल, नुसताच थकवा असेल, तर पुढे वाचा.

आदली रात्र

हे इतकं उघड आहे की मला दिसायला सहा डायव्ह लागले. स्लीपर बसमध्ये चार तुकड्यांत मिळालेली झोप घेऊन सकाळी साडेसातला जेटीवर उभा राहिलेला माणूस दुपारी झोपणारच; त्याने डायव्ह केला काय आणि किनाऱ्यावर बसून राहिला काय. माझ्या लॉगबुकात ज्या ज्या शनिवारी थकवा ४ किंवा ५ लिहिलाय, त्या प्रत्येक शनिवारी झोप पाच तासांच्या आत आहे. रविवारचा आकडा, डायव्ह तसेच असूनही, नेहमी कमी.

याच यादीत बोट लागू नये म्हणून घेतलेली गोळी येते. अव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि ती नेमकी डायव्ह संपल्यानंतरही टिकून असते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचंही तेच. गोळी लागतच असेल तर सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, तुम्हाला किती झोप येते ते. गुंगी येत असेल तर डॉक्टरकडून दुसरी मागून घ्या, कारण गुंगीत पाण्याखाली जाणं हा थकव्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

आणि हो, सुरमईची थाळी, दोन वाट्या सोलकढी आणि वर भात. त्यानंतर येणाऱ्या झोपेला डायव्हिंग जबाबदार नाही.

पाणी: भोवती समुद्र, आत कोरड

गळ्यापर्यंत पाण्यात उतरलात की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीराचा समज होतो की रक्त फार झालंय. मूत्रपिंडांना हुकूम सुटतो, पाणी बाहेर काढा. पाणी गार असेल तर हा हुकूम आणखी जोरात सुटतो. दहाव्या मिनिटाला लघवी लागते ती यामुळे. सकाळच्या चहाला उगाच बोल लावू नका.

गंमत पुढे आहे. शिडी चढून बोटीवर आलात की तेच रक्त पुन्हा पायांकडे उतरतं, पण आता एकूणच कमी झालेलं असतं. डोळ्यांपुढे क्षणभर येणारी अंधारी आणि मग पडून राहावंसं वाटणं इथून सुरू होतं. त्यात टाकीतली हवा कोरडी. टाकी आतून गंजू नये म्हणून कॉम्प्रेसर तिच्यातली वाफ काढून टाकतो, त्यामुळे प्रत्येक श्वास ओला करायचं काम तुमच्या घशाला आणि फुप्फुसांना करावं लागतं. ऊन, घाम, एखादी उलटी, हे वेगळंच.

याहून मोठं कारण मला बोटीवर दिसतं. बोटीवर सोय नसते, म्हणून बऱ्याच बायका सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि पुरुषही वेटसूट काढायचा कंटाळा म्हणून तेच करतात. मग बारा वाजता डोकं धरून बसतात. यावर उपाय आदल्या संध्याकाळपासूनच्या पाण्यात आहे. रात्री झोपेपर्यंत नेहमीपेक्षा दोन ग्लास जास्त, सकाळी उठल्यावर थोडं, दोन डायव्हच्या मध्ये मीठ घातलेलं कोकम सरबत. आमचा नेहमीचा गाइड पहाटे उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्याची फोड एवढं खाऊन निघतो. पाणी, मीठ आणि हळूहळू पचणारा भात एकाच वाडग्यात. मी प्रोटीन बार सोडून त्याच्यावर आलो. तपासायचं कसं? दुपारच्या लघवीचा रंग बघा. गडद पिवळा असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

कमरेचं शिसं

माझ्या थकव्यातला सगळ्यात मोठा तुकडा इथे सापडला. पहिल्या दिवशी सेंटरवरच्या पोराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून आठ किलो वजन पट्ट्यात ओवलं होतं, आणि मी दीड वर्ष तेच आठ किलो निमूटपणे वाहत होतो.

वजन जास्त झालं की माणूस बुडतो, म्हणून तो बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरतो. हवा छातीजवळ, शिसं कमरेला, त्यामुळे वरचा भाग वर आणि पाय खाली. आता तुम्ही पाण्यातून आडवे जायच्या ऐवजी तिरके, जवळजवळ उभे जाताय. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. त्यातून दार आडवं धरून नेणं आणि फळी टोकाकडून सरकवणं, यात जो फरक आहे तोच इथे. शिवाय प्रत्येक लाथ तुम्हाला पुढे नेण्याऐवजी वर ढकलते आणि थांबलात की खाली जाता, म्हणून थांबताच येत नाही. गाइडने एकदा वर आल्यावर मास्क कपाळावर सारत विचारलं, "तू पोवतंस काय पाण्यावांगडा झगडतंस?"

तपासायची रीत सोपी आहे. डायव्हच्या शेवटी टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, पाच मीटरवर, बीसीडी पूर्ण रिकामं करा आणि साधा श्वास घेत स्थिर राहता येतंय का बघा. दगडासारखे खाली जात असाल तर वजन जास्त आहे. ही तपासणी शेवटी करायची, कारण भरलेल्या टाकीतल्या हवेलाच दोन-अडीच किलो वजन असतं आणि डायव्ह संपताना त्यातलं बरंचसं गेलेलं असतं. सुरुवातीला वरवर तरंगून वजन ठरवायचं असेल तर तेवढं वाढवून धरा. एका वेळी एकच किलो कमी करायचा आणि ते गाइडला सांगून. अर्धवट वजनाने सेफ्टी स्टॉपला (वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या थांब्याला) वर फेकलं जाणं हे थकव्यापेक्षा वाईट.

मी ८ वरून ५ वर आलो. लॉगबुकातले आकडे देतो, कारण मला स्वतःला ते खरे वाटले नव्हते. ११ लिटरची टाकी, सरासरी खोली १२ मीटर, २०० बारवरून ५० बारपर्यंत. आठ किलोला ३८ मिनिटं. पाच किलोला, तीन आठवड्यांनी, जवळपास त्याच जागी, ५२ मिनिटं. म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला जवळजवळ वीस लिटर लागणारी हवा चौदा-पंधरावर आली. हवा कमी लागली म्हणजे काम कमी झालं. थकव्याच्या रकान्यात त्या दिवशी १ आहे.

हातांकडेही बघा. वल्ह्यासारखे हात मारणाऱ्याने ते छातीशी बांधून ठेवावेत. आठवडाभर चिडचिड होईल, मग सवय होते.

श्वास वाचवू नका

मीटरचा काटा बघून हवा पुरवायची म्हणून काही जण श्वास घेऊन धरून ठेवतात आणि मग जरासा सोडतात. याने हवा वाचत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. नंतर कपाळामागे मुकं डोकं दुखतं आणि अंग मरगळतं. खोलीवर हे आणखी नडतं, कारण दहा मीटरवर हवा दुप्पट दाट, तीस मीटरवर चौपट, आणि तितकी दाट हवा आतबाहेर करायलाच छातीचे स्नायू राबतात. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, मध्ये न थांबता. धाप लागली तर लाथा बंद, खडकाचा आधार, पाच-सहा मोठे उच्छ्वास. माणूस आत घेण्यावर लक्ष देतो, पण बाहेर सोडणं जास्त महत्त्वाचं.

तुमच्या एकट्याचंच नाही तर त्याच कॉम्प्रेसरवर भरलेल्या टाक्या घेतलेल्या तिघा-चौघांचं डोकं दुखत असेल आणि मळमळत असेल, तर हवेवर संशय घ्या. कॉम्प्रेसरची हवा घ्यायची नळी इंजिनाच्या धुराच्या वाटेत आली की टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नसतो. तेलाचा वास आला तर ती टाकी नकोच, पण वास नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. अशा वेळी डायव्ह थांबवा, बाधलेल्यांना ऑक्सिजन द्या आणि डॉक्टर गाठा.

थंडी, जी जाणवत नाही

मालवणचं पाणी २७-२८ अंश, त्यात कसली थंडी? पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. हुडहुडी भरत नाही, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही; शरीर मात्र तासभर इंधन जाळत असतं. दुसऱ्या डायव्हला विसाव्या मिनिटाला बोटं आखडली, जांभया यायला लागल्या, की समजा. भाड्याचा आखूड बाह्यांचा ढगळ सूट असेल तर आतून पाणी खेळत राहतं आणि सूट नसल्यातच जमा. मापाचा, पूर्ण बाह्यांचा तीन मिलिमीटरचा सूट घ्या. बोटीवर ओला सूट कमरेपर्यंत सोलून वाऱ्यात गप्पा मारत उभं राहणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक गुन्हा आहे. टॉवेल, कोरडी बनियन, वर विंडचीटर. कानटोपी घातली तर लोक हसतील, हसू द्या.

आता नायट्रोजन

दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसला तिप्पट. त्या प्रमाणात रक्तात आणि चरबीत जास्त नायट्रोजन विरघळतो. वर येताना तो सुटतो, आणि कुठलंही लक्षण नसलेल्या डायव्हरच्या शिरांमध्येही डॉप्लर यंत्रावर बुडबुडे दिसतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला थोडी सूज येते आणि त्यातून थकवा येतो, असा तर्क आहे. पटण्यासारखा आहे.

म्हणूनच "नायट्रॉक्स घे, थकवा येणार नाही" हा सल्ला मिळतो. साध्या हवेतल्या ७९ ऐवजी त्यात ६८ टक्के किंवा त्याहून कमी नायट्रोजन. मी घेतला, दोनदा बरं वाटलं, तिसऱ्यांदा नाही. ऑस्ट्रेलियात डॉ. रिचर्ड हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच तपासलं होतं (२०१८ मध्ये थायलंडच्या गुहेतल्या मुलांना भूल देऊन बाहेर काढणारे डॉक्टर ते हेच). अकरा डायव्हर, कोरडं चेंबर, १८ मीटरइतका दाब, एकदा हवा आणि एकदा ३६ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण. थकव्यात मोजता येईल असा फरक मिळाला नाही. त्या चेंबरमध्ये गार पाणी नव्हतं, लाथा नव्हत्या, हलणारी बोट नव्हती. माझा संशय नेमका या गोष्टींवरच आहे. नायट्रॉक्स डीकंप्रेशनच्या दृष्टीने चांगलाच आहे, फक्त ताजंतवानं वाटावं म्हणून जादा पैसे मोजू नका. कोर्स न करता तर घेऊच नका, कारण ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण ३३ मीटरची मर्यादा आहे.

नायट्रोजनसाठी फुकटात करण्यासारखं बरंच आहे. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा हळू वर या. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, आणि तिथून पुढचे शेवटचे पाच मीटरही तितकेच हळू. बहुतेक जण थांबा संपला की बुचासारखे वर उसळतात. वर आल्यावर तासभर जड काही उचलू नका. मी मदत म्हणून सगळ्यांच्या टाक्या जेटीवर चढवायचो. भरलेली टाकी सोळा-सतरा किलोची, आठ-दहा टाक्या, उन्हात. त्याचा थकवा मी नायट्रोजनच्या खात्यावर लिहीत होतो.

रविवारचा घाट

हा मुद्दा खास घाटावरच्या मंडळींसाठी. रविवारी दोन डायव्ह, एक वाजता जेवण, दोनला गाडीत. आंबोली, फोंडा, करूळ, कुठलाही घाट घ्या, दोन-अडीच तासांत तुम्ही समुद्रसपाटीवरून सहाशे-सातशे मीटर वर असता. डायव्हिंगच्या हिशेबात तीनशे मीटरच्या वर गेलं की उंची धरतात, कारण हवेचा दाब कमी झाला की उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला वाव मिळतो. विमानासाठी नियम सर्वांना पाठ असतो, एका डायव्हनंतर १२ तास आणि अनेक डायव्हनंतर १८. घाटाचा विचार कोणी करत नाही. सहा-सात मीटरवर वीस मिनिटांचा हौशी डायव्ह केला असेल तर नायट्रोजनची फारशी काळजी नको, पण मागे सांगितलेल्या सगळ्या कारणांनी पेंगुळलेला माणूस घाटातल्या वळणांवर गाडी चालवतोय, हे आहेच. मी आता शेवटचा डायव्ह शनिवारी दुपारी करतो, रविवारी सकाळी बाजारातून मासे घेतो आणि निघतो. मुंबईकरांना कोकण रेल्वे आहे, ती बिचारी बरीचशी खालूनच जाते.

एवढं करूनही जात नसेल तर

चार-पाच डायव्हमध्ये झोप, पाणी, वजन, सूट सगळं नीट असूनही आकडा ३ च्या खाली येत नसेल, तर डॉक्टरकडे लॉगबुक घेऊन जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी. साधारण चारातल्या एकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पूर्ण मिटलेलं नसतं. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण बुडबुडे फुप्फुसात गाळले जाण्याऐवजी तिथून थेट पुढे जाऊ शकतात. अंदमानातल्या त्या मैत्रिणीचं तेच निघालं. ती अजून डायव्ह करते, डॉक्टरांना विचारून, पंधरा मीटरच्या आत, दिवसाला एकच. माझ्या बडीची (डायव्हमधल्या जोडीदाराची) केस त्यापेक्षा साधी होती. त्याचं हिमोग्लोबिन नऊ निघालं, आणि तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्यांनंतर तो आता बोटीवर मला झोपू देत नाही.